मंदाग्नीचें यंत्र

अग्नि मंद असावा कीं प्रखर, हा प्रश्न वैद्यास विचारिला तर तो एक उत्तर देईल आणि सुगरणीस विचारिला तर ती अगदीं उलट देईल. जठरांतला अग्नि मंदावला कीं वैद्य काढे आणि चूर्णें घेऊन धांवतात. उलट चुलींतला अग्नि जिला मंद ठेवितां येत नाहीं, तिला आपल्या घरांत कोणी सुगरण म्हणत नाहीं. दूध उतूं जातें, भात खालीं लागतो, डाळ वरून फुटते आणि आंत कडक राहते, हे सारे प्रखर अग्नीचेच पराक्रम होत. एकच शब्द पोटांत रोग ठरतो आणि पातेल्याखालीं गुण ठरतो, ही आपल्या भाषेची गंमत मी शाळेंत असतांना मुलांना पुष्कळदां सांगत असें.

या जुन्या प्रश्नाकडे पुन्हां वळण्याचें कारण एक विजेचें यंत्र आहे. पुण्यास असलेल्या आमच्या मुलीनें गेल्या दिवाळींत तें येथें दोंडाईच्याला आणून ठेविलें. त्याला ‘स्लो कुकर’ म्हणतात. मी त्याला मंदपाकयंत्र म्हणतों. आमच्या घरांतून मात्र त्याला नुसतें ‘तें मडकें’ असें नांव मिळालें आहे. हें नांव अन्वर्थकच आहे, कारण आंतलें भांडें खरोखर भाजलेल्या मातीचें, वरून झिलई दिलेलें असतें. भोंवतीं धातूचें वेष्टण, त्या वेष्टणांत तापणारी तार, वर कांचेचें झांकण आणि पुढें एक खुंटी. खुंटीवर मंद, जलद आणि ऊन ठेवणें अशा तीन खुणा. सकाळीं डाळ-पाणी घालून खुंटी फिरवावी आणि सहा-आठ तासांनीं शिजलेलें अन्न काढून घ्यावें. मध्यें ढवळणें नाहीं, शिट्या मोजणें नाहीं, आंच कमीजास्त करणें नाहीं.

मुलीचा हेतु स्पष्ट होता. तिच्या आईच्या गुडघ्यांना आतां ओट्यापाशीं फार वेळ उभें राहणें सोसत नाहीं. घरांत आम्ही दोघेंच. तेव्हां हें यंत्र आपल्या शाकाहारी स्वयंपाकाला खरोखर उपयोगी आहे कीं केवळ शोभेचें, हा प्रश्न आमच्यापुढें कुतूहलाचा म्हणून आला नव्हता. पुढच्या दहा वर्षांत आपण आपल्या हातचें ऊन अन्न खाणार, कीं दुसऱ्याच्या डब्यावर राहणार, एवढा मोठा अर्थ त्यांत होता. मास्तरकीची खोड म्हणून मीं एक वही घातली आणि मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत काय शिजविलें, पाणी किती, वेळ किती आणि पानावर बसल्यावर मत काय पडलें, हें तींत लिहून ठेविलें.

परीक्षा घ्यावयाची तर परीक्षेची रीति हवी. चरकसंहितेच्या विमानस्थानांत, पहिल्याच अध्यायांत, आहाराचा विचार करितांना आठ गोष्टी पाहण्यास सांगितलें आहे. द्रव्याची प्रकृति, त्यावर होणारा संस्कार म्हणजे करण, संयोग, राशि, देश, काल, खाण्याचे नियम आणि शेवटीं उपयोक्ता, म्हणजे जो खाणार तो. यंत्राची गोष्ट करणांत येते. परंतु दुकानदार आणि जाहिराती तेवढ्या एकाच गोष्टीविषयीं बोलतात आणि बाकीच्या सातांविषयीं मौन धरितात, हें मला प्रथमच जाणवलें.

हें मडकें मुळांत कोणासाठीं घडलें, हें पाहिल्याशिवाय त्याचा स्वभाव कळत नाहीं. शिकागो शहरीं आयर्व्हिंग नॅक्सन नांवाचा एक यहुदी संशोधक होता. यहुदी लोकांत शब्बाथाच्या दिवशीं, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारीं रात्र पडेपर्यंत, अग्नि पेटविणें निषिद्ध आहे. त्यामुळें त्याच्या आईच्या लहानपणीं लिथुआनियांत शुक्रवारीं दिवस मावळण्यापूर्वीं घरचें मडकें गांवच्या पाववाल्याच्या भट्टींत नेऊन ठेवीत. भट्टी हळूहळू निवत जाई आणि तिच्या उरलेल्या उष्णतेवर घेवड्याचे दाणे, कंद आणि मांस रात्रभर शिजत राही. आईची ही आठवण मनांत धरून नॅक्सननें विजेचें मडकें तयार केलें. १९४० सालीं त्याला त्याचें पेटंट मिळालें. पुढें रायव्हल नांवाच्या कंपनीनें त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्यें ‘क्रॉक-पॉट’ या नांवानें तें अमेरिकेच्या घरोघरीं पोंचविलें. ही हकीकत वाचून मला मौज वाटली. आपल्याकडेही श्रावणांत शीतळासप्तमीला कित्येक घरीं चूल पेटवीत नाहींत. पण आपण त्यावर उपाय काढला तो आदल्या दिवशींचें थंड अन्न खाण्याचा. यहुद्यांनीं नियमही मोडला नाहीं आणि जेवणही ऊन ठेविलें!

अमेरिकेंत याचा प्रसार झाला तो मुख्यतः मांसामुळें. स्वस्त आणि कठीण मांसांत कोलॅजन नांवाचा एक चिवट भाग असतो. सत्तर-ऐंशी अंशांच्या ओलसर उष्णतेंत तो कित्येक तासांनीं विरघळतो आणि मांस मऊ होतें. घाईनें प्रखर आंच दिली तर तेंच आंवळून चामड्यासारखें होतें. तेथें सावकाशपणा हाच गुण आहे. आपल्या डाळींत आणि भाज्यांत कोलॅजन नाहीं. वनस्पतींच्या पेशी एकमेकींस धरून ठेवणारें द्रव्य पेक्टिन होय. तें ऐंशी-पंचाऐंशी अंशांच्या खालीं फारसें ढळत नाहीं, आणि त्याच्या वर उष्णता जितकी अधिक तितकें लवकर सुटतें. म्हणून शंभर अंशांवर तासभर घेणारी डाळ दाबाच्या कुकरांत, जेथें वाफेची उष्णता सुमारें १२० अंशांपर्यंत चढते, वीस मिनिटांत गळून जाते. तात्पर्य, मंद आंच ही मांसाची गरज आहे. डाळीला ती गरज नव्हे, सोय आहे. ही एक गोष्ट ध्यानांत धरिली तर पुढचा सारा हिशेब सोपा होतो.

परंतु ‘दाबाचा कुकर आहे, मग दुसरें कशाला ?’ असें म्हणून विषय मिटत नाहीं. मराठी घरांत कुकर हा शब्द आला तोच मुळीं मंदपाकासाठीं आला, हें आजच्या मुलींना ठाऊक नसतें. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० च्या सुमारास ‘इकमिक कुकर’ काढला. आरोग्य आणि काटकसर या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचीं शेपटें जोडून तें नांव बनविलें होतें. तळाशीं निखाऱ्यांची लहानशी शेगडी, तिच्यावर पाणी, आणि वर एकावर एक चढविलेले डबे. एकांत वरण, एकांत भात, एकांत भाजी. निखारे घालून झांकण लाविलें कीं दीड-दोन तास तिकडे पाहावयास नको. योगायोग असा कीं लक्ष्मीबाई धुरंधरांचें ‘गृहिणी-मित्र’ हें हजार पाकक्रियांचें पुस्तकही १९१० चेंच. इकडे बायकांसाठीं हजार कृति छापल्या जात होत्या, आणि तिकडे एका डॉक्टरानें बाईमाणसाशिवाय जेवूं शकतील अशा पुरुषांची सोय लाविली होती! आमचे आजोबा परगांवीं नोकरीला एकटे असत, तेव्हां त्यांच्यापाशीं असाच एक पितळी कुकर होता. संध्या आणि पूजा होईतों त्यांचें वरणभात तयार होई. पुढें १९५९ मध्यें हॉकिन्ससारख्या कंपन्यांचे दाबाचे कुकर आले, निखारे गेले आणि पितळी डबे माळ्यावर गेले. कमलाबाई ओगल्यांचें ‘रुचिरा’ १९७० सालीं निघालें तोंवर शिटीचा आवाज पुष्कळ घरांत ओळखीचा झाला होता. इतक्या लवकर आपण मंदपाक विसरलों.

आतां वहीकडे वळतों.

प्रथम तुरीचें वरण. खानदेशांत विहिरींचें आणि कूपनलिकांचें पाणी बहुधा जड असतें. त्यांतला चुना डाळीच्या पेक्टिनशीं जुळून तिला अधिकच हट्टी करितो. जड पाण्यांत मंद खुणेवर आठ तासांनींही डाळ पुरती मिळून आली नाहीं. गाळण यंत्राचें मऊ पाणी घेतलें, डाळ दोन तास भिजविली आणि खुंटी जलदवर ठेविली, तेव्हां चार तासांत ती लोण्यासारखी झाली. चिमूटभर सोड्यानेंही हें साधतें, पण सोड्यानें धान्यांतलें ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट होतें, म्हणून तो मार्ग मीं सोडून दिला. चिंच, आमसूल, टोमॅटो यांपैकीं कोणतेंही आंबट डाळ शिजण्यापूर्वीं घालूं नये. आंबटानें डाळ तशीच राहते, आणि मंद आंचेवर तर हटकून राहते. वरण जमलें त्या दिवशीं हिनें पहिला घास घेतला आणि म्हणाली, “अहो, डाळ छान गळली आहे, पण तिला कसलाच वास नाहीं.” तिचें म्हणणें खरें होतें. पाण्यांत शिजणारें अन्न शंभर अंशांच्या वर जाऊं शकत नाहीं, आणि खमंगपणा म्हणून जो आपण म्हणतों तो त्याच्या पुष्कळ वर, कोरड्या उष्णतेंत किंवा तापलेल्या तेलांत जन्मास येतो. म्हणून फोडणी वेगळी करावीच लागते. यंत्र आल्यानें कढलें सुटत नाहीं, फक्त त्याची पाळी शेवटीं येते.

खानदेशचा स्वयंपाक या यंत्राच्या हातीं लागणारा नव्हे, असें मला याच कारणानें वाटतें. आमचें भरीत घ्या. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळांत वांगें वरून काळें होईपर्यंत भाजावें, तेव्हां त्याला तो धुराचा सुगंध येतो. मडक्यांत वांगें शिजेल, पण त्याला भरीत म्हणणें धाडसाचें होईल. कळण्याची भाकरी, आखाजीला खापरावर होणारे मांडे, भाजलेल्या मिरचीचा ठेचा, शेवेच्या भाजीचा भाजून वाटलेला मसाला, सगळें प्रखर अग्नीचें अपत्य. दोंडाईच्याच्या बाजारांत मिरचीच्या दिवसांत नुसतें चालतांना ज्याला ठसका लागतो, त्याला बेचव मऊ अन्न रोज वाढून चालणार नाहीं.

हिरव्या पालेभाज्यांचा तर या भांड्यांत केवळ घात होतो. मेथी आणि पालक तीन तासांनीं काढले तेव्हां त्यांचा रंग जुन्या पितळेसारखा झाला होता. भाजी शिजतांना तिच्यांतून सूक्ष्म आम्लें निघतात. उघड्या कढईंत तीं वाफेबरोबर निघून जातात, झांकणाखालीं तीं परत भाजींतच उतरतात आणि हिरवेपणा मारतात. आपल्या आज्या पालेभाजीवर झांकण ठेवूं देत नसत, त्यांना हें रसायन कोणी शिकविलें नव्हतें. भेंडी आणि गवार यांविषयीं न लिहिलेलेंच बरें.

याच्या उलट जेथें यंत्र जिंकलें, तेथें तें निर्विवाद जिंकलें. खिरीच्या गव्हांची गोष्ट सांगतों. सडलेले गहू रात्रभर भिजवून सकाळीं मडक्यांत घातले आणि पांच तासांनीं पाहिले, तर एकही दाणा खालीं लागला नव्हता आणि प्रत्येक दाणा फुलला होता. एरवीं या खिरीपाशीं तासन् तास पळी घेऊन उभें राहावें लागतें. गूळ आणि वेलदोडा घालून ती निवूं दिली आणि मग दूध घातलें, कारण ऊन गुळांत दूध नासतें. लोणी कढवून तूप करण्यासही हें भांडें उत्तम, मात्र झांकण उघडें ठेवावें. मटकी, चवळी, हरभरे, मसूर हीं भिजविलेलीं कडधान्यें अखंड राहून मऊ होतात. शिटी एक अधिक झाली म्हणून त्यांचा लगदा होण्याचें भय नाहीं. पुरणाची हरभऱ्याची डाळही सुरेख शिजते आणि आमटीसाठीं कटही भरपूर निघतो, परंतु पुरण आटवावयास शेवटीं कढईच लागते, कारण या मडक्यांतून वाफ बाहेर जात नाहीं. याच कारणानें बासुंदीचा नाद कोणी करूं नये. दूध दिवसभर तापून तितकेंच राहील.

कडधान्यांच्या या प्रशंसेंत राजमा मीं मुद्दाम घेतला नाहीं, आणि हा परिच्छेद वाचकांनीं, विशेषतः परगांवीं राहणाऱ्या मुलांसाठीं, लक्षपूर्वक वाचावा. राजम्याच्या कच्च्या दाण्यांत एक विषारी लेक्टिन असतें. अर्धवट शिजलेले चार-पांच दाणे पोटांत गेले तरी एक ते तीन तासांत जबर वांत्या आणि पुढें जुलाब होऊं शकतात. खळखळ उकळीनें हें विष नाहींसें होतें. परंतु मंद आंचेंत भांड्यांतली उष्णता ऐंशी अंशांच्या आसपासच राहिली तर तें नष्ट तर होत नाहींच, उलट त्याचा जोर कच्च्या दाण्यापेक्षां वाढल्याचें आढळलें आहे. दाणा मात्र बाहेरून मऊ दिसतो. म्हणून राजमा पांच तास तरी भिजवावा, तें पाणी टाकून द्यावें, नव्या पाण्यांत गॅसवर निदान दहा मिनिटें, आणि निश्चिंत व्हावयाचें तर अर्धा तास, खळखळ उकळावा आणि मगच मडक्यांत घालावा. आपल्या जुन्या खानदेशी घरांत राजमा नव्हता, म्हणून आजीच्या अनुभवांत ही सावधगिरी सांपडत नाहीं. दाबाच्या कुकरांत हा प्रश्न उद्भवतच नाहीं.

काटकसरीच्या बाबतींत लोकांची समजूत अशी असते कीं, मंद म्हणजे स्वस्त. आमच्या यंत्रावर २०० वॅट असें लिहिलें आहे. तें सात तास चाललें म्हणजे १.४ युनिट वीज झाली. दाबाच्या कुकरांत तेंच वरण वीस मिनिटांत होतें आणि त्याला माझ्या अजमासानें चाळीस-पन्नास ग्रॅम गॅस जळतो, १४.२ किलोच्या सिलिंडरांत असें वरण अडीचशेंहून अधिक वेळां शिजेल. आपापल्या घरचीं बिलें काढून प्रत्येकानें गुणाकार करावा. आमच्या घरीं तरी यंत्र महाग ठरलें. तुरीच्या डाळीसारख्या रोजच्या जिनसाला तें अधिक ऊर्जा खातें, हें मला मुलीला लिहून कळवावें लागलें.

याहून मोठी अडचण विजेची. चैत्रांत एके दिवशीं दुपारीं वादळ सुटलें आणि वीज गेली ती तीन तासांनीं आली. मडक्यांत मसुराची आमटी होती, आणि ती नुकतीच कोठें तापूं लागली होती. माझ्यापाशीं स्वयंपाकाचा उष्णतामापक आहे. त्यानें ४८ अंश दाखविले. साठ अंशांच्या खालचें कोमट अन्न म्हणजे जंतूंना आमंत्रण, आणि एकदां त्यांनीं विष सोडलें कीं पुन्हां उकळूनही तें सर्वस्वी जात नाहीं. मीं आमटी टाकावी असें म्हटलें. अन्न टाकणें हा आमच्या घरांत अपराध आहे, त्यामुळें हिचे डोळे भरून आले. “दिवसभर वाट पाहिली आणि शेवटीं मोरींत ओतावयाची!” एवढेंच ती म्हणाली. त्या दिवशीं आम्ही दहीपोहे खाल्ले. ज्या गांवांत उन्हाळ्यांत पारा चव्वेचाळीसच्या पुढें जातो, तेथें यंत्र लावून दिवसभर बाहेर जावें हा अमेरिकेचा सल्ला जसाच्या तसा घेतां येत नाहीं. चरकांनीं देश आणि काल वेगळे मोजले ते उगीच नव्हेत. त्यानंतर आम्हीं नियम केला कीं भांडें आधीं कोमट पाण्यानें विसळावें, मग त्यांत थंड पाण्याऐवजीं उकळतें पाणी घालावें आणि खुंटी पहिले दोन तास जलदवर ठेवावी, म्हणजे कोमटपणाचा काळ राहतच नाहीं.

सोवळ्याचाही प्रश्न निघाला होता. मातीचें भांडें एकदां विटाळलें कीं तें टाकून द्यावें, असा आमच्याकडचा जुना दंडक. मीं म्हटलें, लोणच्याची चिनी मातीची बरणी तीन पिढ्या फडताळांत आहे, ती कशी चालते? यावर उत्तर मिळालें कीं बरणीला अग्नि लागत नाहीं. वाद मीं तेथेंच सोडला. नैवेद्याचें वरण अजून स्टीलच्या पातेल्यांतच होतें.

मंदपाकाला वीजच पाहिजे असेंही नाहीं, आणि येथें मला आपल्या लोकांचा थोडा राग येतो. मातीच्या चुलीला शेजारीं वैल असे. मुख्य जाळावर भाकरी होत आणि वाया जाणारी धग वैलावरच्या दुधाला, आमटीला मिळे. त्याला एक पैसा पडत नसे. हें लिहितांना त्या चुलीचा धूरही मी विसरलों नाहीं. आमच्या आईचे डोळे त्यानेंच गेले, आणि ती चूल परत यावी असें मी स्वप्नांतही म्हणणार नाहीं. परंतु वैलांतलें तत्त्व गॅसवरही पाळतां येतें. माघांत मीं एक प्रयोग केला. मुगाच्या डाळीची खिचडी गॅसवर दहा मिनिटें उकळून, झांकण न काढतां, पातेलें जुन्या गोधडींत गुंडाळून कापूस भरलेल्या टोपलींत ठेविलें. दोन तासांनीं उघडलें तेव्हां वाफ येत होती आणि दाणा दाणा मऊ झाला होता. युरोपांत हेंच गवत भरलेल्या पेटींत करीत आणि महायुद्धांत सरपण वांचवीत. कापसाच्या मुलखांत राहून आपल्याला हें अमेरिकेकडून विकत घ्यावें लागावें, याचें नवल वाटतें. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनें काढलेला ‘सराई कुकर’ तर सरळ सरळ जुन्या इकमिकचा वंशज आहे. काडीकचऱ्याच्या कोळशाच्या थोड्याशा वड्यांवर त्यांत वरण-भात-भाजी होते. आणि सूर्याविषयीं काय बोलावें! काळ्या डब्यांची आणि आरशाची पेटी गच्चीवर ठेवावी, ऊन स्वच्छ असेल तर दोन-तीन तासांत डाळ-तांदूळ शिजतात. धुळ्याचे प्राध्यापक अजय चांडक यांनीं सूर्यचुलींवर पुष्कळ काम केलें आहे, तें आमच्या जिल्ह्यांतल्याच किती घरांना ठाऊक आहे? गच्चीचा जिना चढण्याजोगे ज्यांचे पाय आहेत, त्यांनीं विजेच्या मडक्यापूर्वीं या पेटीचा विचार करावा. आमच्या घरांत ते पाय नाहींत.

इतकें झाल्यावर वही मिटून मी मुलीला ‘यंत्र परत ने’ असें लिहिणार होतों. करणाच्या दृष्टीनें तें दाबाच्या कुकरापुढें हरलें होतें, खर्चांतही हरलें होतें आणि चवींतही. परंतु आठवी गोष्ट, उपयोक्ता, मनांत राहिली होती. आमच्या शेजारीं ऐंशीच्या घरांतल्या एक काकू एकट्या राहतात. त्यांचे हात कांपतात. कुकरचें झांकण त्यांना घट्ट बसवितां येत नाहीं, शिटी झाली कीं छातींत धडधडतें, आणि गेल्या पावसाळ्यांत एकदां त्यांनीं गॅस उघडा ठेवून काडी शोधण्यांत बराच वेळ घालविला, तो वास आम्हांला आमच्या अंगणांत आला. मुलानें ‘आतां माझ्याकडे चला’ असें पुष्कळदां म्हटलें. काकूंना आपलें घर आणि आपलें तुळशीवृंदावन सोडवत नाहीं. कोणाच्या घरच्या डब्यावर राहणें त्यांना मानवणारें नव्हे. दांत नाहींत, तिखट सोसत नाहीं, आणि आहार म्हणजे मुगाची खिचडी, मऊ वरणभात, कधीं दलियाची खीर. जीं जीं उणीं मीं वहींत लिहिलीं होतीं, खमंगपणा नाहीं, अन्न फार मऊ होतें, वेळ फार लागतो, तीं तीं एकेक करून त्यांच्या बाबतींत गळून पडतात. वेळ तर त्यांच्यापाशीं भरपूर आहे. त्यांच्या घरीं ज्योत नाहीं, दाब नाहीं, शिटी नाहीं, एवढ्यासाठीं दीड युनिट वीज कोणास जड वाटणार आहे?

ही गोष्ट मीं बोलून दाखविण्यापूर्वींच हिनें ठरविली होती. एका सोमवारीं सकाळीं मडकें, त्याचें झांकण आणि मापाची एक वाटी घेऊन आम्ही दोघें काकूंकडे गेलों. खुंटी कोठें आणायची तेथें मीं लाल रंगाचा ठिपका दिला. किटलींत पाणी उकळतें आणि आपोआप बंद होतें. तें घालावें, एक वाटी तांदूळ-डाळ, हळद, मीठ, आणि खुंटी ठिपक्यावर. “मास्तर, वीज गेली तर?” काकूंनीं स्वतःच विचारिलें. मीं सांगितलें कीं तासाभरांत आली नाहीं तर आम्हांला हांक मारा, आम्ही पातेल्यांत ओतून गॅसवर उकळून आणून देऊं. आजवर दोनदां तसें झालें.

आमच्या घरीं मीं एक उंच स्टूल आणलें आहे. ती त्यावर बसून फोडणी देते, आणि कुकर लावणें, उतरविणें माझ्याकडे आलें आहे. तीन शिट्यांनंतर आंच बारीक करावयाची हें मला आतां न सांगतां कळतें. खिरीचे गहू शिजवावयाचे असले म्हणजे काकूंकडून मडकें एक दिवस मागून आणितों. त्या दिवशीं त्यांचें जेवण आमच्याकडे असतें. मुलीचा परवां फोन आला होता. दुसरें मडकें पाठवूं का, असें तिनें विचारिलें. हिनें सांगितलें, “आधीं काकूंना विचारून सांगतें.”